विषय: बार्शी लाइटचं वाफेवर चालणारं छोटं इंजिन, लोकवर्गणीतून

प्रेषक: लातूरकर
प्रति: मंडळाची यादी

मंडळी, नमस्कार.

लीड्स सोडताना मराठी मंडळाच्या यादीतून माझं नाव काढू नका असं सांगून आलो होतो, त्याचा आज फायदा उठवतोय. बार्शी लाइट रेल्वेच्या पहिल्या इंजिनाचं खरोखर वाफेवर चालणारं छोटं मॉडेल लातुरात बनवायचं मनावर घेतलंय. कपाटात ठेवायचं नाही. पाणी भरायचं, गॅस पेटवायचा, आठ-दहा मिनिटांत दाब चढला की बागेतल्या रुळावर सोडायचं. ३० इंजिनांची एकच खेप, आणि पैसा लोकवर्गणीतून.

इंजिन तुमच्याच गावचं आहे. लीड्सच्या हन्स्लेट भागातल्या किटसन कंपनीने बांधलेलं ए वर्गाचं टँक इंजिन: आठ मोठी जोडचाकं, मागे चार छोटी, टेंडर (कोळसा-पाण्याचा मागचा डबा) नाही. १८९७ ला बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली आणि १९११ ला लातूरला पोचली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. या गाडीच्या संथपणाचे विनोद आपल्याकडे प्रत्येक घरात आहेत, ते इथे पुन्हा सांगत नाही. त्या विनोदांत ही रेल्वे उभारणाऱ्या इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपचा हिशेब मात्र कुणी सांगत नाही. कुठल्याही अक्षावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, मग ते इंजिन असो की भरलेली वाघीण. रुळाला सगळे सारखेच जड, तर एकट्या इंजिनापायी जाड रूळ कशाला घ्यायचा? यार्डाला ३० पौंडांचा हलका रूळ पुरला, खर्च उतरला, आणि आपल्यासारख्या मुलखात रेल्वे परवडली. ओढायला ताकद हवी तर अक्ष वाढवायचे. चार अक्षांवर २० टन. आठ चाकं आली ती तिथून. हा विचार मॉडेल हातात घेतलं की बोटाने दाखवता येतो, म्हणून दुसरं कुठलं नाही, हेच इंजिन.

हाच माणूस पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवायच्या मागे लागला, पण ते राहू द्या.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली तेव्हा सगळ्या देशाने पाहिली. ब्रॉडगेजवरून आली खरी, पण मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा पट्टा बार्शी लाइटनेच आधी जोडला होता. इथल्या पोरांना गाडी आठवते ती पाण्याची. एक इंजिन लातुरातल्या एखाद्या शाळेला द्यावं असं मनात आहे.

नमुना इंजिनाला अंदाजे ६ लाख रुपये. पुढची प्रत्येकी २ लाखांच्या आत बसवायची आहेत. बोला.

लातूरकर

---

प्रेषक: खजिनदार

लातूरकर, कल्पना झकास आहे. मी पैशाचं बोलतो, माझ्या वाट्याला तेच आलंय.

मंडळाचं खातं यात येणार नाही. गणपतीच्या वर्गणीत इंजिनाचे पैसे मिसळले तर वार्षिक सभेत मला कुणी जिवंत सोडणार नाही.

दुसरं, हे पैसे म्हणजे नक्की काय? देणगी की आगाऊ मागणी? शाळेसाठी म्हणून तिकडच्या एखाद्या संस्थेच्या खात्यात देणगी घ्यायचा विचार असेल तर आधी थांबा. आपल्यातले बरेच जण आता ब्रिटिश पासपोर्टवाले आहेत. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) असलं तरी भारतीय कायद्याला तो विदेशी पैसाच, आणि तो घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) नोंदणी नाहीतर पूर्वपरवानगी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिले तर हा प्रश्न येत नाही. वस्तू विकत घेतल्याचे पैसे ही देणगीच नव्हे, पण मग बिल हवं, आयात-निर्यात कोड हवा, आणि माल इथे उतरला की त्यावर २० टक्के व्हॅट. तुमच्या २ लाखांत तो धरलाय का?

किकस्टार्टर ही लोकवर्गणीची वेबसाइट सुचवणार असाल तर भारतात बसून तिथे मोहीम काढता येत नाही. इथल्या कुणाच्या तरी नावावर काढावी लागेल, आणि ज्याच्या नावावर मोहीम त्याच्याच गळ्यात उद्याच्या तक्रारी. मी तो नाही, आत्ताच सांगतो.

खजिनदार

---

प्रेषक: पूर्णेकर काका

अरे लेका लातूरकर, काय करायलास हे? मराठवाड्याचं इंजिन म्हणून बार्शीची खेळण्यातली गाडी? गाव सोलापूर जिल्ह्यातलं, कंपनी विलायतेतली. आपलं इंजिन म्हणजे मीटरगेजवरचं वाफेचं वायपी. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड करत सिकंदराबादपर्यंत निजामाची मीटरगेज होती का नव्हती? अन् पूर्णेला लोको शेड होतं. आमचे वडील त्याच शेडात फिटर. हिंगोलीकडची मीटरगेज तर २००८ पर्यंत होती.

वायपी ८७१ बनल्या, त्यातल्या कितीतरी जमशेदपूरला टाटांच्या टेल्कोत. म्हणजे इंजिनपण देशी. अन् मापाचं म्हणशील तर मॉडेल साडेबावीसाव्या हिश्श्यात धर, १ मीटरचा गेज साडेबावीसने भाग, ४४ मिलिमीटरच्या वर येतं. बाजारातला ४५ मिलिमीटरचा रूळ बिनबोभाट बसतो. तुझे ७६२ कशात बसवणार हायस, सांग बरं?

काका

---

प्रेषक: सचिव

चर्चा चालू द्या, पण कोजागिरीच्या दुधाची नावं अजून अकराच आली आहेत. ती वेगळ्या मेलमध्ये कळवा, इंजिनाच्या धाग्यात नको.

---

प्रेषक: औशाची ताई

लातूरदादा, मी डर्बीला दाबपात्रांच्या डिझाइनमध्ये काम करते हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून गेज आणि जिल्हा तुमच्यावर सोडते. मला बॉयलरचं सांगा.

तांब्याचाच आहे ना? दिसायला छान म्हणून कुणी पितळेची नळी सुचवेल, तर नको. गरम पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि भिंत पोकळ होत जाते, बाहेरून काही कळत नाही. जोड कशाचे? ४० पीएसआय (दर चौरस इंचाला ४० पौंड) दाबाला वाफेचं तापमान १४० अंशांच्या आसपास असतं. कथिल-शिशाची डाख १८३ ला वितळते, म्हणून कागदावर चालून जाईल असं वाटतं. पाणी संपलं आणि बर्नर पेटलेलाच राहिला की ती डाख गेली. चांदीची डाख साडेसहाशेच्या आसपास वितळते, तीच हवी.

चाचणी कशी घेणार? पहिल्यांदा चालू दाबाच्या दुप्पट, तीही थंड पाण्याने. हवेने अजिबात नाही: पाण्याने फाटलं तर फरशी ओली होते, हवेने फाटलं तर माणूस जातो. मग बर्नर पूर्ण उघडा, वाफ कुठेच न वापरता सेफ्टी व्हॉल्व्हला एकट्याने दाब आवरता आला पाहिजे. ठरलेल्या दाबाच्या वर १० टक्क्यांहून जास्त चढता कामा नये. तीस बॉयलर म्हणजे तीस चाचण्या, तीस क्रमांक, तीस दाखले. नमुन्यादाखल दोन तपासले असं चालणार नाही.

गॅसच्या टाकीकडे लोक दुर्लक्ष करतात. ब्यूटेन शून्याच्या किंचित खालीच उकळतो. मे महिन्यात लातूरच्या ४२ अंशांत, वर बॉयलरची धग लागली, तर त्या टाकीतला दाब बॉयलरपेक्षा जास्त असेल. इकडे जानेवारीत तोच गॅस टाकीतून बाहेर यायला तयार नसतो. एकाच इंजिनाला दोन्ही हवामानं सोसायची आहेत.

ताई

---

प्रेषक: लातूरकर

ताई, तुमची मेल छापून वर्कशॉपच्या भिंतीला लावली.

बॉयलर तांब्याचा, चांदीच्या डाखेचा. इथल्या सराफ्यात डाख लावणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार आहेत, पण त्यांची सवय तोळ्यांची; दीड मिलिमीटरच्या तांब्याला उष्णता सगळीकडून एकदम द्यावी लागते, नाहीतर एक जोड लावताना मागचा सुटतो. एका तरुण कारागिराने टाकाऊ नळीवर सराव सुरू केलाय. तो म्हणायलाय, दादा हे दागिन्यापेक्षा सोपं, फक्त घाम जास्त. त्याचे जोड कापून आतून डाख पूर्ण उतरली का ते बघतोय. आत्तापर्यंत कापलेल्यांत निम्मे चांगले. सगळे चांगले निघेपर्यंत खऱ्या बॉयलरला हात लावू देणार नाही.

कायद्याचं विचारून घेतलं. आपल्याकडचा बॉयलर कायदा २५ लिटरपेक्षा लहान पात्राला लागू होत नाही, आणि हे जेमतेम अर्ध्या लिटरचं. म्हणजे सरकारी तपासनीस येणार नाही. यावर आनंद मानावा की काळजी करावी, ते ताईंनी ठरवावं. मला तरी काळजीच वाटते, म्हणून चाचणी तुमच्या पद्धतीने आणि प्रत्येकीचा व्हिडिओ. तुमच्याकडच्या मॉडेल क्लबांच्या नियमावलीत बारमधला दाब आणि लिटर यांचा गुणाकार ३ च्या आत असला तर वेगळी, सोपी वाट आहे. आपला सव्वा-दीडच्या आसपास येतो. टाकी बॉयलरपासून दूर, केबिनमध्ये ठेवतोय. थंडीत तुम्ही ब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घालणारच, म्हणून टाकीची चाचणी त्या दाबाच्या हिशेबाने.

काका, तुमच्यापुढे हात जोडतो. वायपीचं गणित शंभर टक्के बरोबर. पण साडेबावीसाव्या हिश्श्यात टेंडरसकट ती पाऊण मीटरच्या वर जाते, नमुन्याचाच खर्च दुप्पट होईल आणि तीस माणसं मिळायची नाहीत. पूर्णेला कमी लेखत नाही. वायपी बनवायला लागलो तर पहिला फोन तुम्हाला. आणि बार्शी जाऊ द्या सोलापूरला, येडशी, ढोकी, मुरूड, औसा रोड तर आपलेच ना?

गेजच्या दुखण्यावर मात्र काकांनी नेमकं बोट ठेवलंय. १ फुटाला १६ मिलिमीटर या प्रमाणात अडीच फूट म्हणजे ४० मिलिमीटर. त्या मापाचा रूळ कुणाच्याच बागेत नाही. लोकांकडे ३२ आहे नाहीतर ४५. प्रमाण बदलून सतराव्या हिश्श्यात गेलो तर ४५ अचूक बसतो, पण इंजिन मोठं होतं आणि बाजारातल्या १६ मिलिमीटरवाल्या डब्यांपुढे राक्षसासारखं दिसतं. त्यात आठ जोडचाकं, सरळसोट ताठ. बागेतली वळणं घ्यायची तर मधल्या दोन जोड्यांना फ्लँज (चाक रुळावर धरून ठेवणारी कड) ठेवता येणार नाही. जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत.

खजिनदारसाहेब, पैशाचं असं: देणगी नाही, सरळ विक्री. बिल माझ्या वर्कशॉपचं, कोड काढायला टाकलाय. व्हॅट किमतीत धरलेला नव्हता. तो ज्याचा त्याने भरायचा, हे पहिल्याच ओळीत लिहीन. शाळेचं इंजिन मी माझ्या खर्चाने देईन, त्याला वर्गणी नको. किकस्टार्टरही नको. पाच टक्के त्यांचे, वर पैसे वळते करण्याचे वेगळे, आणि ठरलेली रक्कम जमली नाही तर हातात काहीच नाही. आपल्या तीस माणसांसाठी एवढा बाजार मांडायची गरज वाटत नाही.

चाकं, कनेक्टिंग रॉड आणि सिलिंडर वाळूजमधल्या जॉबवर्कवाल्यांकडून. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्यांना तीस नगांची ऑर्डर म्हणजे चेष्टाच वाटते. एकाने चहा पाजून परत पाठवलं. दुसरा तयार झाला, कारण त्याचं आजोळ ढोकी.

लातूरकर

---

प्रेषक: पूर्णेकर काका

बरं बाबा. माझं नाव लिही. पण वायपीचं विसरू नको.

---

प्रेषक: खजिनदार

काका विरघळले म्हणजे निम्मी लढाई तुम्ही जिंकलीच. माझ्या अटी राहिल्यात.

एकदम पैसे कुणी देऊ नयेत. नमुन्याचे ६ लाख तुम्ही आणि आमच्यातल्या पाच-सहा जणांनी घालावेत, बुडाले तर बुडाले असं समजून. बाकीच्यांनी फक्त नाव नोंदवायचं. नमुना इंजिन सहा डबे ओढत सलग वीस मिनिटं चालल्याचा न कापलेला व्हिडिओ आला, ताईंनी बॉयलरचे कागद पाहिले, की मग किमतीचा पाव हिस्सा. आणखी पाव हिस्सा बॉयलर पास झाल्यावर, ज्याच्या त्याच्या क्रमांकाप्रमाणे. उरलेले पाठवणीआधी. पंचवीसपेक्षा कमी नावं आली तर खेप रद्द, आणि कुणाचा पैसा अडकलेला नसेल. यात तुमच्यावर ओझं जास्त येतं, मला कळतं. पण लोकवर्गणीतली इंजिनं अडतात ती नमुना आणि खेप यांच्या मधल्या वर्षात. पैसे संपलेले, माल नाही, आणि बनवणारा मेलला उत्तर देत नाही. आपण एकमेकांच्या लग्नकार्यात भेटणारी माणसं आहोत.

विम्याचं बघा. माल विकणाऱ्याचा दायित्व विमा घेतल्याशिवाय एकही इंजिन इकडे येऊ नये.

या अटींवर मी नमुन्यात सामील.

खजिनदार

---

प्रेषक: औशाची ताई

मीही नमुन्यात. शिवाय नकाशांचं बघते. किटसन १९३८ ला बंद पडली तेव्हा तिचे नकाशे आणि साचे रॉबर्ट स्टीफन्सन अँड हॉथॉर्न्सकडे गेले. तिथून पुढे माग लागतो का ते यॉर्कच्या रेल्वे म्युझियमच्या संग्रहात विचारते. नुसत्या फोटोंवरून मापं काढू नका, लेन्समुळे टोकाकडची मापं फसतात.

आणि एक. इथल्या हौशी लोकांना बार्शी माहीत नसली तरी स्टॅफर्डशायरची लीक अँड मॅनिफोल्ड गाडी बहुतेकांना माहीत असते. तीही कॅलथ्रॉपचीच, अडीच फुटीच, इंजिनं किटसनचीच, आणि एकाचं नाव तर त्याच्याच नावावरून. ती १९३४ ला बंद झाली, आता तिथे पायवाट आहे. मंडळाबाहेरचे आठ-दहा गिऱ्हाईक मिळायचे असतील तर त्या वर्तुळात. तुमची पंचवीस नावं एकट्या मराठी लोकांतून भरतील असं मला वाटत नाही.

ताई

---

प्रेषक: लातूरकर

खजिनदारांच्या अटी जशाच्या तशा मान्य. विम्याचं एका एजंटला विचारलंय. तो अजून 'खेळणं' लिहू की 'यंत्र' यातच अडकलाय.

ताई, मॅनिफोल्डवाल्यांसाठी इंग्रजीत एक पानी माहिती तुम्हीच लिहा, माझ्याच्यानं होणार नाही.

नाव नोंदवताना प्रत्येकाने ३२ की ४५ ते लिहावं. वाळूजवाला चाकांचा साचा धरायला बसलाय आणि अक्षाची लांबी त्यावर ठरते. काहींनी 'दोन्ही चालेल' लिहिलंय. त्यांना मी ४५ मध्ये धरतोय. हरकत असेल तर रविवारपर्यंत सांगा.

लातूरकर