मदत हवी आहे: लेकीला मँडरिन शिकवताना देवनागरीचा आधार घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सिंगापूरला राहतो. लेक ६ वर्षांची आहे, जानेवारीत पहिलीत जाईल. इथे शाळेत इंग्रजीच्या जोडीला 'मातृभाषा' हा विषय असतो. भारतीय मुलांना तमिळ किंवा हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू घेता येते. मराठी त्यात नाही. लेक बालवाडीपासून चिनीच्या, म्हणजे मँडरिनच्या वर्गात बसते, मैत्रिणीही तेच बोलतात, म्हणून चिनीसाठीच विनंती करायचं ठरवलंय. आम्हा दोघांना ती भाषा येत नाही. तिच्या वह्या बघून जेवढं शिकलो तेवढंच.

अक्षरांची काळजी नाही. चौकटीच्या वहीत ती मन लावून गिरवते. माणसाची खूण दोन रेघांची, तिच्यावर आडवी रेघ दिली की 'मोठा', आणखी एक वर दिली की 'आकाश', हे तिनेच मला शिकवलं. अडलंय ते उच्चारांत.

पिनयिन म्हणजे रोमन लिपीत लिहिलेले उच्चार. पण त्यातला बी आपल्या 'प'सारखा, पी म्हणजे 'प'ला 'ह' जोडलेला; डी म्हणजे 'त', टी म्हणजे 'थ'. झेड हा 'चाक'मधला च आणि जे साधारण 'चिवडा'मधला. हे लक्षात आल्यावर मला फार आनंद झाला. आपल्या कानाला हे भेद जन्मापासून ठाऊक! मी लगेच कार्डं केली, मागे देवनागरी लिहिली. तिचे उच्चार झटक्यात सुधारले. पण गेल्या आठवड्याच्या थिंगश्येला, म्हणजे श्रुतलेखनाला, 'आठ' या शब्दात बीऐवजी पी लिहून आली. ऐकू 'पा' येतं, मग पीच लिहिणार ना ती? बाईंनी निरोप दिलाय की घरी दुसरी लिपी वापरू नका.

दुसरी अडचण सुरांची. पहिला सूर उंच आणि सपाट, दुसरा आश्चर्याने 'काय?' विचारल्यासारखा चढता, तिसरा खाली दबलेला, चौथा 'गप!' म्हटल्यासारखा पडता. देवनागरीत हे काहीच उमटत नाही. मागे खालच्या दुकानात ती आपणहून 'वो याव माय न्यूनाय' म्हणाली, पण 'माय' चौथ्या सुरात. तिसऱ्या सुरात त्याचा अर्थ विकत घेणं, चौथ्यात विकणं. 'मला दूध विकायचंय' ऐकून दुकानातल्या आंटी हसल्या, मायेनेच हसल्या, लगेच बरोबर म्हणूनही दाखवलं. तेव्हापासून पोरगी बाहेर चिनी शब्द काढत नाही. माझ्या ओढणीमागे जाते. मला ते फार लागलंय.

मला स्वतःला दुसरा आणि तिसरा सूर वेगळे ऐकू येत नाहीत. त्यातून 'नी हाव'मध्ये, म्हणजे त्यांच्या नमस्कारात, दोन्ही शब्द तिसऱ्या सुराचे लिहिलेले असतात आणि बोलताना पहिला दुसऱ्या सुरात जातो. मी पुस्तकाप्रमाणे दुरुस्त केलं, ते चुकीचं निघालं. आता माझ्यावरही तिचा विश्वास नाही.

घरात मात्र ती खुलते. आजी व्हिडिओ कॉलवर 'जेवलीस का?' म्हणाली, तर ही म्हणे, "आजी, चिनीत पण असंच विचारतात, शेवटी 'का'च्या जागी 'मा' लावतात!" ही उमेद मला घालवायची नाही.

तर ज्यांची मुलं यातून गेली आहेत, त्यांना विचारते. देवनागरीची कार्डं बंद करू, की फक्त कान तयार करायला ठेवू आणि लिहिताना पिनयिनच? सूर न येणाऱ्या आईबापांनी घरी दुरुस्त करावं, की नुसतं ऐकवत राहावं? हातवारे करून, गाण्यातून सूर शिकवले असतील तर तेही सविस्तर लिहा. आणि गप्प झालेलं मूल पुन्हा कसं बोलतं केलंत?

गुरुवारी पुढचं थिंगश्ये आहे. त्याआधी निदान कार्डांचं काय करायचं तेवढं सांगाल का?