सगळ्याच पानांना सावली मानवत नाही

एकांनी लिहिलंय की शोभेच्या पानांची झाडं जितकी सावलीत ठेवाल तितकी खुलतात. अर्धंच पटतं. सावलीत पान मोठं, पातळ आणि गडद हिरवं होतं हे खरं. मिळेल तेवढा उजेड टिपायची ती झाडाची धडपड असते. पण सावली वाढत गेली की दोन पेरांमधलं अंतर वाढतं, खोड लांबुळकं होऊन उजेडाकडे कलतं. माझा मनी प्लांट असाच हातभर वाढला, पानं मात्र मोजून चार!

रंगीबेरंगी पानांच्या क्रोटनचं तर उलटंच. भरपूर उजेड नसेल तर लाल-पिवळे रंग उतरतात आणि नवी पानं हिरवीच येतात. ॲग्लोनिमा, स्पॅथिफायलम या शोभेच्या झाडांना मात्र ७५ टक्क्यांची शेडनेटही (म्हणजे ७५ टक्के ऊन अडवणारी जाळी) चालते; कडक उन्हात त्यांची पानं करपतात.

आणखी एक, सावलीतली कुंडी उशिरा वाळते. उन्हातल्यासारखं रोज पाणी घातलंत तर मुळं कुजणार. शिवाय सावलीतलं झाड एकदम उन्हात काढू नका. त्या पातळ पानांवर दोन दिवसांत पांढुरके डाग पडतात, आणि ते पान पुन्हा पूर्ववत होत नाही.