शाळेतील सोयींचा आराखडा लेखी कसा करून घ्यावा?

प्रश्न: माझ्या मुलीला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अडचण, आहे. शाळा तोंडी होकार देते, परंतु शिक्षक बदलले की सारे पुन्हा सांगावे लागते. लेखी आराखड्यात नेमके काय असावे?

पहिले उत्तर: प्रत्येक अडचणीपुढे तिच्यावरची सोय लिहून घ्या. ‘जास्त वेळ द्यावा’ एवढे पुरत नाही. कोणत्या परीक्षेत किती वेळ, प्रश्न वाचून कोण दाखवणार आणि जबाबदारी कोणाची, हे नोंदवले नाही तर कागद फाइलमध्येच पडून राहतो.

दुसरे उत्तर: संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातील २४ वे कलम शिक्षणात वाजवी सोयी देण्यास सांगते. ही मेहरबानी नव्हे, हे मनाशी पक्के ठेवूनच बोला.

तिसरे उत्तर: मुलीलाही अवश्य विचारा. फळ्यावरून उतरवून घेणे जड जात असेल, तर छापील टिपणे आधी मिळावीत.