तौक्तेचा सोमवार, बिल्डिंगच्या ग्रुपवरून

ग्रुप: आमची बिल्डिंग (फक्त कामाचं)
सोमवार, १७ मे २०२१, प्रभादेवी

सेक्रेटरी, ७:१२
सर्वांना नमस्कार. तौक्ते वादळ आज आपल्या किनाऱ्याजवळून जाणार. ग्रिलमधल्या कुंड्या आत घ्या. हे शनिवारीही सांगितलं होतं, काल रात्रीही. आज खाली उभं राहून मोजल्यात, अजून ११ कुंड्या बाहेर आहेत. एक तुळशीवृंदावन आहे, तेही आत घ्या. देव रागावणार नाही.

केणी काकू २०२, ७:२०
वृंदावन माझं आहे. घेते.

मोरे ३०३, ७:३१
गेल्या वर्षी निसर्ग वादळाच्या वेळी पण हेच. कपाटं हलवली, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, आणि झालं काय? वैताग नुसता.

नाडकर्णी काका ६०१, ७:३८
मोरे, मुंबईत झालं नाही. श्रीवर्धन-दिवेआगरला विचारा. सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या त्यांच्या. नारळ लावल्यावर धरायला किती वर्षं लागतात माहिती आहे ना?

मोरे ३०३, ७:४०
नाही काका, तसं नव्हतं म्हणायचं.

ओंकार ४०२, ९:०२
ताजं बुलेटिन! साडेआठला केंद्र मुंबईच्या पश्चिमेला साधारण १५० किमी. उत्तर-वायव्येला चाललंय. म्हणजे आपल्याकडे वळत नाही. रात्रभर जागून विंडी या हवामानाच्या साइटवर बघतोय, युरोपियन आणि अमेरिकन दोन्ही अंदाजाची मॉडेल गुजरातच दाखवतायत. वाचलो आपण!

वैदेही ३०१, ९:०४
रात्रभर?? तुझी ऑनलाइन परीक्षा आहे ना या आठवड्यात

ओंकार ४०२, ९:०४
ती वेगळी गोष्ट आहे

नाडकर्णी काका ६०१, ९:१५
ओंकार, बुलेटिन बरोबर आहे, पण निष्कर्ष घाईचा काढलास. नकाशावर तू जी रेघ बघतोस ती फक्त केंद्राची. वादळ त्या रेघेच्या दोन्ही अंगांना शेकडो किमी पसरलेलं असतं. आणि दोन्ही अंगं सारखी नसतात. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. त्यामुळे ज्या दिशेला ते चाललंय तिकडे तोंड केलंस तर उजव्या हाताला वाऱ्याच्या वेगात वादळाची स्वतःची चाल मिळवली जाते, डाव्या हाताला वजा होते.
निसर्ग ३ जून २०२० ला रायगडात ईशान्येकडे घुसलं. आपण त्याच्या डाव्या अंगाला होतो, आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. आज हे वर चाललंय, आपण उजव्या अंगाला आहोत. निसर्ग आपल्यापासून शंभरेक किमीवर होतं, हे १५० वर आहे, आणि तरी आज जास्त वारा खाणार आपण.

वैदेही ३०१, ९:१९
हे टीव्हीवर कोणी का सांगत नाही? तिथे नुसता लाल भोवरा फिरतोय आणि मागे ढॅण ढॅण म्युझिक.

मोरे ३०३, ९:४४
↪ फॉरवर्ड केलेला व्हिडिओ
गेटवेची आत्ताची स्थिती!!! पुढे पाठवा!!!

वैदेही ३०१, ९:४६
मोरे काका, यातल्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालल्यात.

मोरे ३०३, ९:५१
हा मेसेज डिलीट केला आहे

नाडकर्णी काका ६०१, १०:०५
माझ्या भिंतीवरचा बॅरोमीटर सांगतो. हवेचा दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो, वादळ असो नसो. सकाळी दहाच्या सुमाराला वर, दुपारी चारच्या सुमाराला खाली. बोटीवर असताना हे इतकं अंगवळणी पडलेलं की घड्याळ नसलं तरी चालायचं. आज दहाला काटा वर असायला हवा होता. तो उतरतोच आहे.

ओंकार ४०२, १०:०७
काका, माझ्या फोनमध्येही बॅरोमीटर आहे, तोही उतरतोय. गच्चीवर जाऊन वारा मोजू का? हातातलं वाऱ्याचं यंत्र ऑनलाइन मागवलंय मी.

सेक्रेटरी, १०:०८
नाही.

ओंकार ४०२, १०:०८
पाच मिनिटं

सेक्रेटरी, १०:०९
गच्चीची किल्ली माझ्या खिशात आहे आणि मी घरात आहे. विषय संपला.

ओंकार ४०२, १०:२०
एक विचारायचं होतं. अमेरिकन नौदलाच्या साइटवर याच वादळाचा वारा आपल्या हवामान खात्यापेक्षा बराच जास्त दाखवतायत. कोण बरोबर?

मोरे ३०३, १०:२१
आपले लोक लपवतात. नेहमीचं आहे.

नाडकर्णी काका ६०१, १०:३३
कोणी काही लपवत नाही. अमेरिकन एका मिनिटाची सरासरी घेतात, आपलं खातं तीन मिनिटांची. जितका वेळ जास्त, तितके झोत सरासरीत विरतात. त्यामुळे आपला आकडा कमी दिसतो, वादळ तेच असतं. दोन साइटचे आकडे शेजारी ठेवून भांडण लावायचं नाही.
आता कामाचं ऐका. ओंकार, खिडकीतून बघ, नारळाच्या झावळ्या कुठल्या बाजूला वळल्यात?

ओंकार ४०२, १०:३७
वारा आग्नेयेकडून येतोय. सिद्धिविनायकाकडे उडतंय सगळं.

नाडकर्णी काका ६०१, १०:४४
वाऱ्याकडे पाठ करून उभा राहा. डावा हात आडवा कर आणि जरासा पुढे घे. हात दाखवतो तिकडे केंद्र. वायव्येकडे तोंड झालं, हात पश्चिमेला गेला, बरोबर? विंडी नव्हतं तेव्हा आम्ही हेच करायचो.
वादळ वर सरकेल तसा वारा दक्षिणेकडे फिरेल. आपल्या ०२ नंबरच्या सगळ्या फ्लॅटचं तोंड दक्षिणेला आहे. आता शांत वाटत असलं तरी जेवणं लवकर उरका, आणि दुपारी त्या खिडक्यांच्या काचेजवळ बसू नका.

सेक्रेटरी, १०:५०
१०२ ते ६०२, काकांचा मेसेज वाचल्याचं कळवा. विमानतळ ११ वाजता बंद होतोय, सी लिंकही बंद. लसीकरण आज नाही, ज्यांची तारीख होती त्यांनी उगाच बाहेर पडू नका. ५०१ मध्ये आजोबांचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू आहे. वीज गेली तर पर्याय म्हणून सिलिंडर आणून ठेवलाय, तो उचलायला दोन तरुण हात लागतील. ओंकार, तुझं वाऱ्याचं यंत्र ठेव आणि तयार राहा.

ओंकार ४०२, १०:५१
हो काका. नक्की.

केणी काकू २०२, ११:०५
२०२ वाचलं. माझ्या भाच्याचा फोन आला वरळी कोळीवाड्यातून. होड्या आधीच आत घेतल्यात, पण बांधलेल्या होड्याच एकमेकींवर आपटतायत. रात्रभर पोरं दोर सैल-घट्ट करत बसलीत.
आज वैशाख शुद्ध पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. दुपारी पावणेचारला पूर्ण भरती.

वैदेही ३०१, ११:०८
काकू, हे काय गणित?

केणी काकू २०२, ११:१४
तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. माझी आई बोटांवर करायची. अमावस्या-पुनवेला उधाण असतं, अष्टमीकडे भांग, म्हणजे भरती कमी. आज पाणी भांगाकडे चाललंय म्हणून बरं. हेच वादळ गेल्या मंगळवारी अमावस्येला आलं असतं तर वारा पाणी ढकलणार आणि त्यात उधाण. कोळीवाड्यातली खालची घरं गेली असती.

नाडकर्णी काका ६०१, ११:१६
अगदी बरोबर. भरतीचं कोष्टक काढून पाहिलं, दोन मिनिटांचाही फरक नाही. 🙏

मोरे ३०३, ११:३०
एकूण काय, ओंकार म्हणाला तेच खरं. १५० किमी लांबून जातंय. समुद्रात काय व्हायचं ते होऊ दे, समुद्रात कोण राहतंय!

सावंत वहिनी १०२, ११:४१
ओंकार, तुझ्या नकाशात बॉम्बे हाय कुठे येतं?

ओंकार ४०२, ११:४३
ते समुद्रातलं तेलक्षेत्र? मुंबईच्या पश्चिमेला वहिनी, साधारण १६० किमी

ओंकार ४०२, ११:४३
का?

सावंत वहिनी १०२, ११:४६
धाकटा भाऊ तिकडे आहे. प्लॅटफॉर्मवर. काल रात्री आठला बोलला, त्यानंतर फोन लागत नाही. सकाळपासून ग्रुपवर वाचतेय १५० किमी, १५० किमी.

मोरे ३०३, ११:४८
हा मेसेज डिलीट केला आहे

मोरे ३०३, ११:५२
वहिनी, माफ करा. कल्पना नव्हती.

नाडकर्णी काका ६०१, ११:५८
सुनबाई, मी फोन करतोय तुला. पण सगळ्यांनाच लिहितो. तिथले प्लॅटफॉर्म समुद्राच्या तळात पाय रोवून उभे असतात, पाणी सत्तर-पंचाहत्तर मीटर खोल. अशा लाटा धरूनच ते बांधतात. फोन जातो कारण वाऱ्यात डिश हलते, त्याचा अर्थ वाईट असा लगेच नाही. मला काळजी वाटते ती तरंगणाऱ्या बार्जची. कामगारांना राहण्यासाठी असतात, त्यांना स्वतःचं इंजिन नसतं, सगळा भरवसा नांगरांवर. तुझा भाऊ प्लॅटफॉर्मवर आहे की बार्जवर, नक्की विचारून घे.

सावंत वहिनी १०२, १२:१०
प्लॅटफॉर्मच. आईला विचारलं. ती देवाजवळ बसलीये.

केणी काकू २०२, १२:१५
मी येते खाली. भात टाकू नकोस, डबा आणते.

सेक्रेटरी, १२:२०
ग्रुपवर वादळाचे विनोद नकोत आज. विनंती आहे.

केणी काकू २०२, २:१८
वारा आला!! दक्षिणेचा. काकांनी सांगितला तस्साच. खिडकी बंद असून पडदा हलतोय.

ओंकार ४०२, २:२०
इथेही. काच थरथरतेय. पाठ करून हात पुढे केला, आता वायव्येच्या जवळ जातोय हात. केंद्र वर सरकलं.

वॉचमन केबिन, २:४१
साहेब गुलमोहर पडला. गेटच्या आत. पांढऱ्या गाडीवर.

वैदेही ३०१, २:४२
कोणाची पांढरी?

सेक्रेटरी, २:४४
माझी.

मोरे ३०३, २:४५
अरेरे. साहेब, माणूस नव्हता ना कोणी?

सेक्रेटरी, २:४७
नाही. फोटो काढून ठेवा खिडकीतूनच, विम्याला लागतील. खाली कोणी उतरायचं नाही, तारा तुटल्यात का ते दिसत नाहीये.

ओंकार ४०२, ३:०५
५०१ ची वीज दहा मिनिटं गेली होती. मी आणि मोरे काकांनी सिलिंडर लावून दिला, वीज परत आली. आजोबा ठीक. मला म्हणाले, वारा किती आहे रे? सांगितलं, गच्चीची किल्ली मिळाली नाही.

नाडकर्णी काका ६०१, ४:१०
एरवी चारला काटा सगळ्यांत खाली असतो. आज तो चढायला लागलाय. म्हणजे वादळ दूर जातंय. वारा अजून दोन-चार तास राहील, पाऊस रात्रभर. पण वाईट भाग मागे पडतोय.

ओंकार ४०२, ६:३०
कुलाब्याला ११४ किमी ताशीचा झोत नोंदवलाय! काका, तुम्ही म्हणालात तेच, उजवं अंग.

ओंकार ४०२, ११:२०
गुजरातेत दीवजवळ आठच्या सुमारास धडकायला सुरुवात झाली. वारा १६० ते १७०, झोत १८५ पर्यंत.

वैदेही ३०१, ११:३२
बॉम्बे हायकडच्या बातम्या येतायत. एक बार्ज, पी ३०५, नांगर तुटून वाहवत गेली. अडीचशेच्या वर माणसं होती म्हणतायत. नौदलाची युद्धनौका कोची गेलीये मदतीला. वहिनी, जाग्या आहात?

सावंत वहिनी १०२, ११:३५
जागी आहे. बघतेय.

मंगळवार, १८ मे

सावंत वहिनी १०२, ६:०८
भावाचा फोन आला. पाच मिनिटं बोलला. तो ठीक आहे. पी ३०५ वर जेवायला-झोपायला असणारी त्याच्या ओळखीची पोरं आहेत, त्यांचं काही कळलेलं नाही अजून. तेच विचारत होता मला, टीव्हीवर काय सांगतायत.

केणी काकू २०२, ६:१०
देवा.

नाडकर्णी काका ६०१, ६:३०
लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरलेली माणसं रात्रभरही तग धरतात. शोध आज दिवसभर चालेल, हेलिकॉप्टरं उजेड झाल्यावरच उडतील. सुनबाई, भावाचा परत फोन आला तर सांग, नावं नौदलाकडून येईपर्यंत कुठलीही यादी खरी धरू नको. मोरे, तुम्हालाही सांगतोय.

मोरे ३०३, ६:३४
हो काका. एक यादी आली होती सकाळी. पुढे पाठवली नाही.

ओंकार ४०२, ९:१५
सांताक्रूझला २४ तासांत २३० मिमी. मे महिन्यातला विक्रम. कुलाब्याला २०७.
एक सुचवू? आपल्या ग्रुपवर मी यापुढे नकाशा टाकेन तेव्हा त्यावर बॉम्बे हायही दाखवेन, आणि होड्या बाहेर आहेत का तेही केणी काकूंना विचारून लिहीन.

केणी काकू २०२, ९:१८
विचार. माझा भाचाच सांगेल.

सेक्रेटरी, ९:४०
महापालिकेची माणसं करवत घेऊन आलीत. त्यांना चहा कोण देतंय? आणि ज्यांच्या गाड्या गुलमोहराच्या मागे आहेत त्यांनी आता लगेच काढा, फांद्या तिकडेच ओढणार आहेत. ३०१, ४०२, ६०१, तुम्हालाच सांगतोय.

नाडकर्णी काका ६०१, ९:४३
चहा मी पाठवतो. गाडीची किल्ली ओंकारकडे देतो, त्याला गच्चीची नाही मिळाली, ही घे म्हणावं.