अर्धा किलो खोबरेलाला कॉस्टिक किती? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतोय, खरं कोणाचं मानायचं?

माडाखालची:
नमस्कार मंडळी, घरचं खोबरेल भरपूर आहे यंदा, घाण्यावरून काढून आणलंय, तर दिवाळीच्या आधी घरीच साबण करायचा म्हणतेय, कोल्ड प्रोसेसचा, म्हणजे न शिजवता. वजनकाटा आहे, हँड ब्लेंडर आहे, सिलिकॉनचा साचा मागवलाय. अडलंय ते सल्ल्यांवर. अर्धा किलो तेलाला कॉस्टिक सोडा किती एवढंच विचारलं तर एक जण म्हणाले 87 ग्रॅम, एकीने सांगितलं 73, एक काकू म्हणाल्या दोन मोठे चमचे टाक आम्ही वर्षानुवर्षं असाच करतो, आणि एकांनी तर सांगितलं की खोबरेल कमी पडलं तर शेंगदाणा तेल घे, सोडा तेवढाच ठेव. वर जिचे व्हिडिओ मी सगळ्यात जास्त बघते ती ताई म्हणते तिच्या साबणाचा पीएच 5.5 आहे आणि दोन दिवसांत वापरायला घ्या. सगळे इतक्या खात्रीने बोलतात की प्रत्येकाचं वाचताना तेच बरोबर वाटतं. घरात भाचा आहे तीन वर्षांचा, त्याच्याही अंगाला लागणार हा साबण, म्हणून जीव घाबरतो. नुसता आकडा नकोय मला, कोणाचं ऐकायचं हे ठरवता कसं तुम्ही लोक?

रंगीत_वडी:
सोपं आहे गं, जिचा साबण विकला जातोय तिचं ऐकायचं. लोक पैसे देऊन परत परत घेतात म्हणजे काहीतरी बरोबर असणारच ना.

तेल_आणि_तराजू:
रंगीत_वडी, रागावू नका पण हे मला पटत नाही. साबण खपतो त्याच्या वासावर, रंगावर, फोटोवर. त्यात मोकळा सोडा राहिलाय का हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो, अंग कोरडं पडलं तरी तो थंडीला दोष देतो. आणि विकायचा म्हटलं तर कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे उत्पादनाचं लायसन्स लागतं, ते आहे का एवढं तरी विचारून बघा, चिडून उत्तर आलं की समजायचं ते समजा.

माडाखालची, तू दिलेले आकडेच घेऊन सांगतो. प्रत्येक तेलाला साबण व्हायला सोडा वेगळा लागतो, ते त्या तेलाच्या घडणीवर असतं. खोबरेलाला ग्रॅममागे साधारण 0.183 ग्रॅम, शेंगदाणा तेलाला 0.136 च्या आसपास. हे कोणा एकाचं मत नाही, तेलाचं सॅपॉनिफिकेशन मूल्य म्हणून छापलेलं असतं, साबणाचे कॅल्क्युलेटर त्यावरच चालतात. छापील मूल्य बहुतेक वेळा पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) हिशोबात असतं, त्याला 0.713 ने गुणलं की आपल्या कॉस्टिकचा आकडा येतो. म्हणजे 500 ग्रॅम खोबरेलाला 91.5 ग्रॅम, आणि थोडं तेल मोकळं राहावं म्हणून 5 टक्के सोडा कमी केला की झाले 87. पहिल्याने सांगितलेला आकडा आला का? आता तेच 87 ग्रॅम अर्धा किलो शेंगदाणा तेलात टाक. त्या तेलाला लागतात फक्त 68. म्हणजे सगळं तेल संपून 19 ग्रॅम कॉस्टिक वडीत तसंच मोकळं राहिलं, आणि ती वडी भाच्याच्या अंगाला. ज्यांनी हे सांगितलं त्यांच्या मनात काही वाईट नसेलही, पण हिशोब मांडल्याशिवाय सांगितलंय, आणि कॉस्टिकच्या बाबतीत मला ते चालत नाही म्हणजे नाहीच.

चमच्याचंही तेच. कॉस्टिक फ्लेक्समध्ये मिळतं, दाण्यांतही मिळतं, एकाच चमच्यात दोघांचं वजन वेगळं भरतं. काकूंचा साबण चांगला होतही असेल, त्यांचा चमचा, त्यांचं दुकान, त्यांचं तेल सगळं ठरलेलं असेल, पण ते तुझ्या घरी येत नाही ना. सोडा वाटीचमच्यात सांगणारी कुठलीही रेसिपी मी पुढे वाचतच नाही.

पीएच 5.5 चं तर सरळच आहे. तेल आणि कॉस्टिकपासून झालेला खरा साबण 9 ते 10 च्या घरातच असतो. 5.5 पर्यंत खाली आणला तर तो फुटतो, साबण राहतच नाही. 5.5 च्या वड्या बाजारात असतात पण त्या सिंथेटिक डिटर्जंटच्या, तेलापासून घरी केलेल्या नव्हेत. एवढं मूळचंच चुकीचं जी ताई ठासून सांगते तिच्या बाकीच्या आकड्यांवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

चिवळ_बंदर:
वरच्यांचं केमिस्ट्रीचं सगळं मान्य आहे पण त्यांनी 73 बद्दल काहीच लिहिलं नाही आणि माझ्या मते तुझ्यासाठी तोच आकडा आहे. मी बरीच वर्षं खोबरेलाचाच साबण करतेय, कोकणात दुसरं तेल आणायचं कशाला. नुसत्या खोबरेलाचा साबण फार जोरात साफ करतो, अंगातलं तेल ओढून घेतो, 5 टक्केच तेल मोकळं सोडलेलं असेल तर दुसऱ्या आंघोळीला हात खरखरीत लागतात. म्हणून निव्वळ खोबरेल असलं की आम्ही 20 टक्के तेल मोकळं सोडतो. 91.5 चे 20 टक्के कमी कर, 73 च येतात बघ. दोन्ही आकडे बरोबर आहेत, 87 वाला साबण कपड्यांना, भांड्यांना छान, 73 वाला अंगाला. ज्याने 87 सांगितले त्याला साबण कशासाठी हवाय हे तू सांगितलं होतंस का?

आणि दोन दिवसांत वापरा म्हणणारी त्या बाबतीत अगदीच खोटं बोलत नाही. वडी साच्यातून काढेपर्यंत तेल आणि सोड्याचं काम बहुतेक झालेलं असतं. पण आत पाणी खूप असतं, वडी मऊ राहते, साबणदाणीत ठेवली की चिखल होतो, अंगालाही तेवढी सौम्य लागत नाही. चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकू दे. पावसाळ्यात आमच्याकडे त्याहून जास्त लागतात, मी काट्यावर ठेवून बघते, सलग दोन आठवडे वजन घटलं नाही की झाली.

हे असं कॅल्क्युलेटर सांगत नाही. खोबरेलाची वडी भराभर टणक होते, बाकीच्या तेलांसारखी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलीस तर सुरी लावल्यावर तुकडे उडतात, म्हणून संध्याकाळी ओतली तर झोपायच्या आधी एकदा बोटाने दाबून बघायची आणि कापता येत असेल तर तेव्हाच कापायची. लवंगेचं तेल घातलं की मिश्रण हातात बघता बघता दगड होतं, साच्यात ओतायलाही सवड मिळत नाही. असल्या गोष्टी ज्यांचे हात त्यात आहेत त्यांनाच विचार. तू त्या चमचेवाल्या काकूंना सोड्याचं विचारू नकोस पण कापायचं कधी, सुकवायचं कुठे हे जरूर विचार, त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. अख्खा माणूस खरा किंवा अख्खा खोटा असं धरून चाललीस तर त्यांच्याकडचं हे सगळं घालवशील.

तेल_आणि_तराजू:
73 चं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. फक्त एक जोडतो, इतकं तेल मोकळं ठेवलेली वडी फार महिने साठवू नका, तेल खवट होऊन केशरी डाग येतात. खोबरेल त्यामानाने टिकतं, शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलात 20 टक्के सोडले तर लवकर डाग दिसतील. म्हणून ज्याचा सल्ला घेशील त्याला विचार की तीनचार महिन्यांनी त्या वडीचं काय झालं. साच्यातून काढल्या दिवशीचे फोटो सगळ्यांकडे असतात, जुन्या वडीचा फोटो टाकणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

माडाखालची:
खूप खूप आभार दोघांचे. मी काल सगळ्यांना परत एकच प्रश्न टाकला, हा आकडा कुठून आला. 73 वालीने लगेच चिवळ_बंदर ताईंसारखाच हिशोब मांडून दिला, आणि तेल घाण्याचं आहे की विकतचं हेही विचारलं. 87 वाल्यांनी कॅल्क्युलेटरचा स्क्रीनशॉट दिला. शेंगदाणा तेलवाले म्हणाले अनुभव आहे, पुढे काही नाही. पीएचवाल्या ताईने उत्तरच दिलं नाही, माझी कमेंट काढून टाकली. तर मी 73 वर जातेय. एक राहिलं, हातावर सोडा उडाला तर व्हिनेगर ओतायचं असं दोन ठिकाणी वाचलं, बरोबर आहे का? आणि घरात जर्मनचं मोठं पातेलं आहे ते चालेल?

तेल_आणि_तराजू:
दोन्ही नाही. उडाला तर नळाखाली हात धर, वाहतं पाणी, पंधरा-वीस मिनिटं तरी, डोळ्यात गेला तर धूत धूतच डॉक्टरकडे. व्हिनेगर शोधत बसण्यात वेळ जातो आणि आम्ल आणि सोडा एकत्र आले की उष्णता होते, भाजलेल्या कातडीवर ती नको. जर्मनचं पातेलं अजिबात नको, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन निघतो. स्टील घे किंवा जाड प्लॅस्टिकचा डबा. पाण्यात सोडा थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, द्रावण उकळत्या पाण्याच्या जवळपास तापतं. हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी, आणि भाचा त्या वेळी दुसऱ्या घरी.

चिवळ_बंदर:
पाइप साफ करायच्या पावडरीचं पाकीट आणू नकोस, काहींमध्ये ॲल्युमिनियमचे कण असतात, पाकिटावर निव्वळ सोडियम हायड्रॉक्साइड लिहिलेलं बघून घे. आणि फोडलेला डबा पावसाळ्यात उघडा राहिला असेल तर तो वापरू नको, सोडा हवेतलं पाणी ओढतो, काट्यावर 73 दिसतात पण त्यात सोडा कमी असतो आणि वडी मऊच राहते. नवीन आण.