विषय: डिशवॉशरच्या डोक्यावर वर्कटॉपचा जोड. शनिवारच्या आत सांगा!

स्वाती (रेडिंग)
मंडळी, शनिवारी सकाळी आठला फिटर येतोय. भिंत 4.2 मीटर, लॅमिनेट वर्कटॉप (ओट्याची वरची फळी) 3 मीटरचा, म्हणजे एक जोड येणारच. तो डावीकडून सुरू करणार म्हणतो, आणि मग जोड नेमका डिशवॉशरवर येतो. वर त्याचं म्हणणं, "मशीन बाहेर काढलं की खालून बोल्ट आवळायला हात छान जातो." सुधीरदादा, तुमच्या किचनचं रामायण अख्ख्या मंडळाला पाठ आहे, म्हणून विचारते. चालेल का?

सुधीर
नाही. हात त्याचा जातो, किचन तुझं जातं.
डिशवॉशर वर्कटॉपला आधार देत नाही, तो नुसता खाली सरकवलेला असतो. म्हणजे 60 सेंटिमीटर खाली पोकळी. अखंड 38 मिलिमीटरची फळी ती पोकळी सहज पेलते, जोडलेली फळी तिथेच दबते. त्यात वाफ. भांडी झाली रे झाली की दार उघडायची आमच्याकडे घाई. वाफ वर चढून जोडात शिरायची. आत चिपबोर्ड, म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसा! दीड वर्षात कडा फुगली, पोळपाट डुगडुगायला लागला आणि फटीत पोहे अडकायला लागले. टूथपिकने काढायचो.

अण्णा
आमच्या डोंबिवलीच्या ओट्याला कडप्पा होता. खाली दर दोन फुटांवर उभा कडप्पा. चाळीस वर्षं हलला नाही. तुमचे हे भुशाचे ओटे!

निखिल
अण्णा, दगडाची वेगळीच गंमत. आमच्याकडे ग्रॅनाइट आहे. डिशवॉशर वरून स्क्रूने पकडायला गेलो तर दगडात स्क्रू जाईना. शेवटी पट्ट्या दोन्ही बाजूंच्या कपाटांना मारल्या. नाही पकडलं तर भरलेला खालचा ट्रे बाहेर ओढताच मशीन पुढे झुकतं.

मंजिरी (समिती)
ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. घरदुरुस्तीचा व्हॉट्सअॅप ग्रुप वेगळा आहे, लिंक मागच्या महिन्यात पाठवली होती. आणि प्रसादाच्या यादीत अजून चारच नावं आहेत.

स्वाती
मंजिरीताई, प्रसादाचा शिरा माझ्याच किचनमध्ये होणार आहे, तेव्हा हा मंडळाचाच विषय समजा :)
सुधीरदादा, फिटर म्हणतो खाली एक लाकडी पट्टी ठोकू. डावीकडून मापं: कपाट 80, कपाट 80, सिंक 100, डिशवॉशर 60, कपाट 100.

सुधीर
पट्टी मागे भिंतीला ठोकता येईल. पुढे कशाला ठोकणार? तिथे डिशवॉशरचं दार आहे.
बरं, मापं बघून हसू आलं. उजवीकडून सुरू कर! 3 मीटरची अखंड फळी उजव्या भिंतीपासून लाव, ती डिशवॉशर आणि सिंक दोन्ही झाकून पुढे जाते. जोड डावीकडून 120 वर येतो, म्हणजे दुसऱ्या कपाटाच्या बरोबर मध्यावर. खाली कपाटाच्या पुढच्या-मागच्या पट्ट्या आहेतच, मध्ये एक आडवी टाकायला सांग. बोल्ट कपाटाच्या आतून आवळता येतात, फक्त त्याला जरा वाकावं लागेल. सिंकचं भोक अजून पाडलेलं नाही ना? पाडलं असेल तर सगळंच मुसळ केरात.
जोडाच्या दोन्ही कच्च्या कडांना सीलंट, तीन बोल्ट, आणि लगेच क्लॅम्प (जोड दाबून धरणारा शिकंजा). डिशवॉशरबरोबर चिकटणारी चंदेरी पट्टी आली असेल, ती वर्कटॉपच्या खालच्या कडेला लावायची. वाफेसाठीच असते. आमची पट्टी मॅन्युअलच्या पिशवीत तशीच सापडली, नवा वर्कटॉप आल्यावर.

स्वाती
भोक पाडलेलं नाही! फिटरला फोन केला. "तसंही चालेल," म्हणाला. मग आधी का नाही सुचलं?

अण्णा
कारण त्याला वाकायचं नव्हतं.

सुधीर
क्लॅम्पवरून आठवलं. गेल्या गणपतीत मखर जोडायला नेलेले माझे दोन मोठे क्लॅम्प कुणाकडे आहेत? स्वातीला शनिवारी लागतील.

मंजिरी (समिती)
सुधीर, ते मंडळाच्या सामानाच्या यादीत आहेत. मंडळाचे आहेत.

सुधीर
मंजिरीताई, त्यांवर निळ्या रंगाने "सु" लिहिलंय.

निखिल
एक माझ्या गॅरेजमध्ये आहे. "सु" दिसतोय. दुसरा माहीत नाही.