थायलंडमधले पौर्णिमेचे दिवस: तुमचे अनुभव लिहा

तिकडे राहिलेल्या किंवा राहून आलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. माखा, विसाखा, आसान्हा बुचा (माघ, वैशाख, आषाढ पौर्णिमेच्या पूजा) असे मोठे दिवस असोत, नाहीतर चांद्रमासात चारदा येणारा साधा 'वान फ्रा', म्हणजे बौद्धांचा पवित्र दिवस. जे पाहिलंत, केलंत ते लिहा. माझ्यापासून सुरुवात करते.

चियांग माईत शेजारच्या मावशी वान फ्राला पहाटेच चिकट भात शिजवायच्या. भिक्खू दाराशी आले की चपला काढायच्या, पात्रात भात ठेवायचा आणि खाली बसून हात जोडायचे. त्यांचं पठण चालू असताना मावशी छोट्या पितळी झारीतून वाटीत पाण्याची बारीक धार सोडायच्या. गेलेल्यांना पुण्य पोचावं म्हणून. ते पाणी मग झाडाच्या बुंध्याशी. एकदा झारी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुझ्या माणसांना आठव." बाबा गेले तेव्हा तर्पण दादाने केलं, मी लांब उभी होते. त्या पहाटे बाबांना पाणी मी दिलं.

*

मी नागपूरचा, घरी बाबासाहेबांचा धम्म. विसाखाला बँकॉकच्या वाट बेंचामाबोफित या विहारात गेलो. थाईचा एक शब्द कळत नव्हता. तेवढ्यात भन्तेंनी "पाणातिपाता वेरमणी" म्हटलं! उच्चार जरा निराळे, पण आजीने पाठ करून घेतलेलं तेच पंचशील. माझा आवाज आपोआप मोठा झाला. मग हातात कमळ, तीन उदबत्त्या, मेणबत्ती घेऊन तीन प्रदक्षिणा. वाऱ्याने माझी मेणबत्ती विझली, तर शेजारच्या आजोबांनी न बोलता आपली पुढे धरली.

*

जाण्याआधी तारीख नक्की बघा. २०२३ साली आपली बुद्धपौर्णिमा ५ मेला होती, तिकडची विसाखा ३ जूनला. अधिकमासाच्या वर्षी ते महिनाभर पुढे जातात. आमची सुट्टी हुकली, फार हळहळलो.

*

रायोंगच्या कारखान्यातला माझा सहकारी खाओ फान्सासाठी, म्हणजे वर्षावासाच्या तीन महिन्यांसाठी, भिक्खू झाला. आसान्हाच्या दुसऱ्या दिवशी वर्षावास लागतो, त्याआधी दीक्षा. मुंडनाला आम्हाला बोलावलं होतं. पहिली बट आईने कापली, केस कमळाच्या पानात घेतले. तिकडे भुवयासुद्धा काढतात. क्षणभर तो ओळखूच येईना. पुढे एका पहाटे पाहिलं, तीच आई रस्त्याकडेला अनवाणी, मान खाली घालून त्याच्या पात्रात भात ठेवत होती.